बाईंना दम लागतो

३ मार्च

आले एकदाची. आवाज केंद्रात माझी स्वतःची खोली आहे, स्वतःचा नळ आहे आणि त्याला गरम पाणी येतं. वसतिगृहात आम्ही सगळ्या एका बादलीवर भांडायचो, त्यामुळे मी आज उगाचच तीनदा हात धुतले. खिडकी आतल्या आवारात उघडते. तिथे केंद्राचे ट्रक उभे असतात. रस्ता दिसत नाही. रस्ता कुठूनच दिसत नाही, कारण आवाजाला चेहरा नसावा असा इथला नियम आहे. शहरातल्या प्रत्येक खांबावर एक कर्णा आहे, त्यातून सकाळ-संध्याकाळ बोलणारी बाई एकच असते आणि ती कुणाला बाजारात भाजी घेताना दिसता कामा नये. म्हणून एकदा आत आलं की बाहेर जायचं नाही. घरच्यांनी महिन्यातून एकदा भेटायला यायचं.

मला त्याचं काही वाटलं नाही. आठव्या वर्षापासून केंद्राच्याच वसतिगृहात आहे, बाहेर असं काय ठेवलंय? उच्चार, पट्टी, वेग, सगळ्यात पहिली आले म्हणून निवडली गेले. सध्याच्या बाई थकल्या आहेत. त्यांच्याकडून शिकून घ्यायचं आणि मग शहराचा आवाज मी. लिहितानाही हसू येतंय.

५ मार्च

बाईंनी घोर निराशा केली. मला वाटलं होतं, भारदस्त कुणीतरी असेल. ही तर बुटकी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, स्वेटरच्या खिशात खडीसाखर. वाचायला काही दिलंच नाही. जमिनीवर आडवं व्हायला सांगितलं, पोटावर रिकामा कप ठेवला आणि म्हणाल्या, हा कप वरखाली होताना बघत राहा. सकाळभर मी कप बघितला. शेवटी म्हटलं, बाई, मला श्वास घेता येतो, लहानपणीच शिकले. त्यावर म्हणाल्या, "घेता येतो गं. कुठे घ्यायचा ते शिकायचंय." आणि खडीसाखर पुढे केली.

उद्धट वाटू नये म्हणून खाल्ली.

११ मार्च

आज पहिल्यांदा प्रत्यक्ष निवेदन चालू असताना आत बसायला मिळालं. इथे काही ध्वनिमुद्रित करून ठेवत नाहीत. कुणीतरी आत्ता आपल्याशी बोलतंय असं लोकांना वाटलं पाहिजे, असं साहेबांचं म्हणणं. साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख. आधी घंटा, मग लाल दिवा, मग बाई.

आवाज चांगला आहे, खोटं कशाला बोलू. पण मध्येच दम लागतो. "कालव्याचे पाणी पिण्यास..." इथे थांबल्या, स्पष्ट ऐकू येईल असा श्वास घेतला आणि मग "शुद्ध आहे." पुढे "या आठवड्यात धान्याचा पुरवठा..." पुन्हा श्वास, मग "सुरळीत राहील." वाक्याच्या पोटात! वसतिगृहात असं केलं असतं तर बाकावर उभं केलं असतं. बाहेर आल्यावर मी न राहवून विचारलंच. म्हणाल्या, वय झालं.

गंमत म्हणजे नंतर त्याच बाई धुण्याची बादली घेऊन गच्चीपर्यंत चढल्या, वाटेत माझ्याशी बोलत बोलत, आणि धाप मलाच लागली. लाल दिव्याची धास्ती असणार. इतक्या वर्षांनीही माणूस घाबरतं म्हणायचं.

१९ मार्च

भेटीचा दिवस. आई, दादा, वहिनी. टेबलाच्या टोकाला पहारेकरीण विणकाम घेऊन बसली होती. दादा आल्या आल्या म्हणाला, "काय भोंगा, कर्ण्यावर कधी?" लहानपणी मी फार मोठ्याने रडायचे म्हणून त्याने ठेवलेलं नाव, अजून सोडत नाही. मेला बारीक झालाय. कालव्यावर गाळ काढायचं काम आहे.

मला वाटलं होतं, माझ्या निवडीचं कौतुक करतील. तर सगळं बाईंबद्दलच. त्यांची तब्येत कशी आहे, नीट जेवतात का. आई तर म्हणाली, त्यांना जप हो. जशा काही बाई माझ्या सासूच! मी म्हटलं, त्यांना वाक्याच्या मध्येच दम लागतो, ठाऊक आहे ना तुम्हाला? तिघंही एकदम गप्प झाली. वहिनीने पहारेकरणीला विचारलं की हा टाका कसा घालतात. दादा एवढंच म्हणाला, "त्या सांगतील तसं कर. आपली अक्कल चालवू नकोस."

डोकं फिरलं माझं. गाळ काढणाऱ्याने मला उच्चार शिकवायचे! निघताना आईने माझा हात उगाच जास्त वेळ धरून ठेवला.

२८ मार्च

साहेबांनी चहाला बोलावलं. त्यांच्या खोलीत गालिचा आहे. माणूस मृदू, कधी आवाज चढवत नाही, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतो. अर्ध्या तासात मला जे शिकायला मिळालं ते बाईंकडे महिनाभर कप बघून मिळालं नव्हतं. म्हणाले, "लोक शब्द ऐकत नाहीत. सांगणाऱ्याच्या मनात शंका आहे की नाही, एवढंच ऐकतात. तुझ्या आवाजात शंका नाही. फार दुर्मीळ गोष्ट आहे ही." मी हवेत.

मग बाईंचा विषय निघाला. मी चुगली केली नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. मला त्यांची काळजी वाटते. म्हटलं, साहेब, बाईंना दम लागतो, एखादं औषध सुरू केलं तर बरं होईल. साहेबांनी विचारलं, नेमका कधी लागतो? माझा कान तिखट आहे. मी धडाधड सांगितलं: शुद्धच्या आधी, सुरळीतच्या आधी, परवा रुग्णालयाबद्दल बोलताना मोफतच्या आधी. तारखा, वेळा सांगताना मात्र एकदाही नाही. साहेबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, बरं झालं सांगितलंस, नक्की बघू.

असा वरिष्ठ मिळायला नशीब लागतं.

३० मार्च

बाई आज वेगळ्याच होत्या. कप नाही, आडवं पडणं नाही. नळ मोठा सोडून पाण्याजवळ बसल्या आणि मला जवळ बोलावलं. मग म्हणाल्या, तू चांगली आहेस गं, पण फार चटकन बोलतेस. अजून थोडे दिवस जाऊ देत. मी विचारलं, कशाला? तर नळ बंद केला.

वाईट वाटलं. चटकन बोलते म्हणे! माझा वेग अगदी प्रमाणात आहे.

२ एप्रिल

बाईंना विश्रांतीसाठी पाठवलं. सकाळी दोन माणसं आली. बाईंनी पिशवी भरली, स्वेटर चढवला. मला वाटलं, खूश होतील, आयुष्यभर राबल्या आहेत. मी दारात उभी होते. त्यांनी विचारलं, "तू सांगितलंस?" मी म्हटलं, हो, तुमच्या काळजीने. रागावतील असं वाटलं होतं. त्या खाटेच्या कडेवर बसल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "तुझी चूक नाही. उशीर मी केला." त्या माणसांनी घाई केली तसं उठल्या. जाता जाता म्हणाल्या, वाचताना आपलं माणूस समोर बसलंय असं धरून वाचत जा.

हा सल्ला तर पहिलीतल्या पोरालाही देतात. पण जेवताना मी उगाच त्यांचंही ताट मांडलं. का ते कळलं नाही.

१० एप्रिल

मी! सकाळचं आणि संध्याकाळचं, दोन्ही! घंटा, लाल दिवा आणि मी. एक अक्षर अडखळलं नाही. साहेबांनी सबंध आठवडाभर माझ्याकडून एका श्वासात वाक्य पुरं करण्याचा सराव करून घेतला होता, त्याचं चीज झालं. काचेपलीकडून त्यांनी मान डोलावली. आई ऐकत असेल. दादा आता भोंगा म्हणून तर दाखवू दे.

१६ एप्रिल

आजचं निवेदन मोठं होतं, ते मी उतरवून ठेवते कारण साहेब म्हणाले की आजवर इतकं सुरेख वाचन झालेलं नाही. "कालव्याकाठच्या वस्तीतील सर्व पुरुषांनी उद्या सकाळी मैदानावर यावे. तेथे नवीन ओळखपत्रे देण्यात येतील व सर्वांना दुपारपर्यंत घरी परत सोडण्यात येईल." शेवटचं लांबलचक वाक्य एका दमात, शेवटापर्यंत आवाज तसाच. आमचीच वस्ती, म्हणून वाचताना दादा समोर बसलाय असं धरलं होतं. बाईंचा सल्ला अगदीच टाकाऊ नव्हता.

१७ एप्रिल

सकाळी आवारातले सगळे ट्रक गेले. ओळखपत्रं द्यायला एवढे ट्रक कशाला, असं मनात आलं, पण टेबलं-खुर्च्या न्यायच्या असतील. अंधार पडेपर्यंत एकही परतला नाही.

२३ एप्रिल

आई एकटी आली. पदराने तोंड पुसत बसली. मी विचारलं, दादा कुठाय, वहिनी कुठाय. वहिनी झोपून असते म्हणाली. मग पहारेकरणीकडे एक नजर टाकून अगदी साध्या आवाजात, शेजारणीशी बोलावं तशी म्हणाली, "मैदानावर गेला ना तो. कुणी जात नव्हतं. सगळे ओट्यावर उभे राहून ऐकत होते, श्वास कुठे लागतो म्हणून. तू घेतलाच नाहीस. तो म्हणाला, आपलीच पोर आहे, काही वाईट असतं तर थांबली असती."

पहारेकरणीने सुया थांबवल्या. आई लगेच म्हणाली, तब्येतीला जप, दम लागेपर्यंत वाचू नकोस. आणि उठली. अर्ध्याहून अधिक वेळ शिल्लक होता तरी उठली.

मला नीट कळलं नाही. श्वासाचं काय? दादाला मैदानावरून कुठे कामावर नेलं असेल तर कळवेल की.

२४ एप्रिल

शुद्धच्या आधी. सुरळीतच्या आधी. मोफतच्या आधी.

घरीच्या आधी घेतला असता बाईंनी.

२५ एप्रिल

काल पुढे लिहिता आलं नाही. आज लिहिते.

सगळ्या शहराला ठाऊक होतं. बाई जिथे श्वास घेत त्याच्या पुढचा शब्द खोटा. ओट्यावर, गच्चीत, गिरणीच्या दारात लोक त्या एका श्वासासाठी कान देऊन उभे राहत आणि त्याप्रमाणे पाणी उकळत, धान्य राखून ठेवत, लपत. ठाऊक नव्हतं ते फक्त मला आणि साहेबांना. आणि साहेबांना मी सांगितलं. गालिच्यावर बसून, चहा पीत, शब्दासकट.

घरच्यांनी मला का सांगितलं नाही? कसं सांगतील! सुट्टीत घरी गेले की मी आईच्या बोलण्यातल्या चुका काढायचे. वर्गात विचारलं तर खरं सांगायचंच, असं शिकवलेली मुलगी मी, आणि सांगितलंही असतं. माझी आई मला घाबरत होती. दादाही. ती तिघं त्या दिवशी टेबलाशी गप्प का झाली ते आज कळलं, आणि इतकी लाज वाटली की खोलीत एकटी असूनही तोंड झाकून घेतलं.

२९ एप्रिल

खिडकीला गज आहेत हे मी आज बघितलं. आल्यापासून आहेत.

६ मे

मी गेल्या आठवड्यात बाईंसारखा प्रयत्न केला. "धान्याचा पुरवठा" वाचल्यावर थांबले आणि श्वास घेतला. साहेब काचेपलीकडे नव्हते, माझ्या खुर्चीमागेच उभे होते. संपल्यावर रागावलेसुद्धा नाहीत. "छान सुचलं तुला," म्हणाले, "श्वास ठेवू या. फक्त कुठे ते मी ठरवेन."

आता कागदावर पेन्सिलीच्या खुणा असतात. काल त्यांनी "उद्या पाणीपुरवठा बंद राहील" यात बंदच्या आधी खूण केली. पाणी खरोखरच बंद राहणार होतं. मी खुणेवर श्वास घेतला, मला वाटलं काय बिघडतं. लोकांनी अर्थातच पाणी भरून ठेवलं नसणार. आज स्वयंपाकीण सांगत होती की टाकीपाशी माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. साहेब म्हणाले, असं आणखी दोनदा झालं की त्या श्वासाकडे कुणी लक्ष देणार नाही.

बाईंनी इतक्या वर्षांत कमावलेलं मी महिन्याभरात मातीत घातलं. त्या कुठे आहेत, विचारलं. विश्रांती घेताहेत, असं उत्तर मिळालं. साहेबांचा आवाज अगदी मायाळू होता. याच आवाजावर मी भाळले होते.

१४ मे

उद्याचा कागद आज सरावासाठी दिला. "मैदानावरून कामावर गेलेल्या पुरुषांच्या कुटुंबीयांनी आज दुपारी सामानासह मैदानावर यावे. त्यांना आपल्या माणसांची भेट घडवून देण्यात येईल."

आई धावत जाईल. श्वास असो, नसो, खुणा कुठेही असोत. दादाचं नाव निघालं की तिला दुसरं काही सुचणार नाही, चप्पल न घालता जाईल. वहिनीला उठवून नेईल. मी दिवसभर एकच विचार करतेय. एका श्वासात वाचलं तर जाईल. श्वास घेऊन वाचलं तरी जाईल, कारण आता श्वासाला काही अर्थ उरलेला नाही. काहीही वाचलं तरी ती जाईल. मागे साहेब, समोर काच. ओरडून सांगावं तर पहिल्या शब्दाला कळ दाबतील आणि पुढचं त्यांना हवं तसं होईल.

आजारी पडले तर? साहेबांना विचारून बघितलं, घसा बसलाय म्हणून. त्यांनी स्वतः गरम पाणी आणून दिलं.

१५ मे

सकाळची घंटा झाली. लाल दिवा लागला. मी श्वास घेतला, बाईंनी शिकवला तसा, पोटापासून. सबंध शहराला ऐकू गेला असेल.

आणि बोललेच नाही.

ठरवलेलं नव्हतं. आई समोर बसलीय असं धरलं आणि तिच्या तोंडावर काही सांगवेना. मी ओठ मिटून बसले. दिवा लालच. साहेबांना वाटलं, खोकला अडकला असेल. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. मग खांद्यावर दाबला. मग बराच जोरात दाबला. कळ बंद करावी तर कशासाठी, मी काही बोललेच नव्हते. शेवटी त्यांनीच माइक ओढून स्वतः निवेदन वाचलं. त्यांचा आवाज कर्ण्यावर कुणी कधी ऐकलेला नाही. कसा ऐकू आला असेल, देव जाणे. मला तर भाडं मागायला आलेल्या घरमालकासारखा वाटला.

खोलीत आणून दाराला बाहेरून कडी घातलीय. अक्षर वाकडं येतंय, आता आईने माझ्या चुका काढाव्यात.

१६ मे

काल दुपारी ट्रक गेले ते संध्याकाळच्या आतच परत यायला लागले. मी खिडकीशी उभी होते. ताडपत्र्या सुटलेल्या, आत कुणी नाही. चालक एकमेकांवर खेकसत होते. मी गज धरून प्रत्येक ट्रक बघितला. एक परत आला नाही. आज दुपारपर्यंत त्याची जागा रिकामीच आहे.

कुणीतरी गेलं. कोण, ते मला कोण सांगणार?

१८ मे

साहेब आले, खुर्ची घेऊन बसले. म्हणाले, तुला आत्ताच विश्रांतीला पाठवलं असतं, पण तुझ्या जागी तयार कुणी नाही आणि तोवर मलाच वाचावं लागतंय. वसतिगृहातली पुढची मुलगी अजून लहान आहे, म्हणून शहरातून एक शोधून काढलीय. तिला तयार कर. ती तयार झाली की तू मोकळी. मोकळी म्हणताना त्यांनी श्वास घेतला नाही, पण मला आता त्याची गरज लागत नाही.

भेटीचा दिवस रद्द. आईचं विचारलं. म्हणाले, आम्ही अशी माहिती ठेवत नाही.

२५ मे

नवी मुलगी आली. उंच, वेणी घट्ट, गालावर मुरमं. कापडाच्या दुकानात ताके उचलायची, आवाजावरून निवडली. सगळ्याला हो ताई, बरं ताई. साहेब पहिला तास समोर बसले होते. मी तिला आडवी झोपवली आणि पोटावर कप ठेवला. ती हसलीसुद्धा नाही.

चार दिवसांनी आम्हाला एकटं सोडतील असं पहारेकरणीने सांगितलं.

२९ मे

आज एकटं सोडलं. कडी बाहेरून.

रात्रभर मी स्वतःशी भांडत होते. सांगावं की न सांगावं? पोर कोण, कुठली, काही ठाऊक नाही. साहेबांनी मुद्दाम पाठवली असेल तर? मी काय होते मार्चमध्ये? मला सांगितलं असतं तर मी तासाभरात गालिच्यावर बसून सगळं ओकले असते. बाईंना ते दिसत होतं, म्हणून त्या थांबल्या. मला पारखत बसल्या. अजून थोडे दिवस, अजून थोडे दिवस. त्या थोड्या दिवसांत दादा गेला.

मी नळ मोठा सोडला आणि तिला जवळ बोलावून सगळं सांगितलं. श्वास, बाई, चहा, दादा, सगळं. माझी चूक तर आधी सांगितली. ती खाली बघून ऐकत होती, वेणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"ठाऊक आहे ताई," ती म्हणाली. "श्वासाचं सगळ्यांनाच ठाऊक आहे. तुम्ही बोलला नाहीत त्या दिवशी आम्ही सगळे बाहेरच उभे होतो. आमचं घर तुमच्या आईंच्याच ओळीत. त्या ओळीतून कुणी गेलं नाही. तुमच्या आई निघाल्या होत्या पिशवी घेऊन. माझ्या आईने दार अडवून धरलं त्यांचं."

मी नळाच्या कठड्याला टेकले. पाण्याने पाठ भिजली, भिजू दिली. विचारलं, खरं सांगतेस? साहेबांनी तर शिकवून नाही ना पाठवलं? तिच्याकडे पुरावा कुठला असणार? आईच्या तोंडचा एखादा शब्द, एखादी खूण, काही नव्हतं. नुसतं एका पोरीचं बोलणं, आणि आवाजात शंका नाही. शंका नसलेल्या आवाजाची काय किंमत असते ते माझ्याइतकं कुणाला कळतं?

तरी मी तिच्यावर विश्वास ठेवला. ठरवून ठेवला. चुकला तर माझं जे व्हायचं ते होईल, पण या वेळी उशीर करणार नाही.

मग तिने विचारलं, श्वास तर साहेबांनी काढून घेतला, आता त्याच्या जागी काय? बाहेर सगळे कान देऊन आहेत.

मी म्हटलं, मला अजून सुचलेलं नाही. तू वाच, मी ऐकते. आणि ती नळाच्या आवाजात वाचायला लागली.